बारीक शिट्टी

टिटवीच्या घरात मोठ्यानं बोलायला बंदी होती, आणि ती बंदी घालणारी बाई स्वतः बोलण्यावर पोट भरत होती. आता हिला म्हणावं तरी काय!

टिटवीची आई पुस्तकं वाचायची. तशी बरेच जण वाचतात, पण ही माइकपुढे बसून वाचायची आणि तो आवाज पुढे कुणाकुणाच्या कानात जायचा. कुणी भांडी घासताना ऐकायचं, कुणी गाडी चालवताना, कुणाला तर म्हणे तिच्या आवाजाशिवाय झोपच यायची नाही. या कामासाठी तिनं झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट रिकामं केलं होतं. कपडे पेट्यांत गेले आणि बाई कपाटात गेली. आत चारी बाजूंनी जाड रजया ठोकलेल्या, एक स्टूल, एक माइक आणि वाचायला एक छोटा स्क्रीन. आत बसून तिनं दार ओढून घेतलं की बाहेर लाल दिवा लागायचा, आणि दिवा लागला की सगळ्या घरानं मूग गिळून बसायचं.

फ्रिज घरघरतो म्हणून बंद. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्याची रवानगी न्हाणीघरात. दारावरच्या घंटीतले सेल काढलेले, फोन मुका केलेला. एकदा शेजारीण घंटी दाबून दाबून दमली आणि ही माणसं परगावी गेली असावीत असं समजून परत गेली. आत तीन माणसं जिवंत होती, पण त्याचा पुरावा काही नव्हता.

या कारभाराचे खरे अंमलदार होते आजोबा, म्हणजे टिटवीच्या वडिलांचे वडील. त्यांची सगळी नोकरी ग्रंथालयात गेलेली. आयुष्यभर त्यांनी पुस्तकं लावली आणि माणसं गप्प केली. समोरचा शिंकणार असं दिसलं की ते शिंकेच्या आधीच डोळे वटारायचे. निवृत्त झाले आणि सुनेच्या घरात त्यांना जणू पुन्हा नोकरी लागली. टिटवी ही त्यांची सगळ्यात अवघड वाचक. जन्मली तीच किंचाळत, म्हणून तर हे नाव पडलेलं. पण आजोबांनी तिला असं तयार केलं की पाच वर्षांची पोर लाल दिव्याखाली मांजराच्या पावलांनी चालायची. एक बोट वर केलं की पाणी हवं, दोन बोटं म्हणजे शू, पोटावर हात म्हणजे भूक. दिवसभर गप्प राहिली की आजोबा म्हणायचे, "शाबास! आज आपला आवाजच नाही." टिटवीला त्या शाबासकीचं भारी वेड होतं.

खाणाखुणांच्या या यादीत एकच गोष्ट राहून गेली होती. श्वास घेता येत नाही हे सांगायला खूणच नव्हती. कुणाला सुचलंच नाही.

टिटवीला दमा आहे हे गेल्या वर्षी कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून नीट समजावलं होतं. सर्दी झाली की छातीवर नजर ठेवायची. खोकला वाढला, धाप लागली की औषधाचा निळा पंप द्यायचा, मास्क लावलेल्या नळकांड्यातून, सावकाश. त्यानं उतार पडला नाही, पोरीला बोलता येईना, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठांचा रंग बदलला, तर घरी थांबायचं नाही. "आणि एक," त्या म्हणाल्या होत्या, "बघू या थोडा वेळ, असं म्हणायचं नाही. थोडा वेळ कधी संपतो ते कुणालाच कळत नाही." आईनं मान डोलावली होती. तिला सगळं पाठ होतं. शब्द न शब्द अचूक म्हणणं हा तिचा धंदाच.

दोन दिवसांपासून टिटवीचं नाक वाहत होतं. रात्री खोकून खोकून ती उठली होती. सकाळी आईनं पंप दिला, पोर जरा मोकळी झाली, दूधबिस्किटंही खाल्ली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एका जाडजूड कादंबरीचा शेवटचा भाग पाठवायचा होता. तो आधीच दोनदा पुढे ढकलून झाला होता, आणि प्रकाशकाच्या माणसाचा सूर आता गोड राहिला नव्हता. आईनं टिटवीच्या छातीला कान लावला. ठीक वाटलं. ठीक वाटावं अशी तिची इच्छाही होती.

"बाबा, हिच्याकडे लक्ष ठेवा," ती सासऱ्यांना म्हणाली. "खोकला वाढला तर सरळ दार वाजवा. दिवा-बिवा बघू नका."

"तू जा गं निर्धास्त. मी आहे ना."

"एवढा एकच भाग. तासाभराचं काम."

"टिटवीबाई आज सहकार्य करणार आहेत," आजोबा म्हणाले आणि टिटवीनं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. आई हसली, कपाटात शिरली आणि दार ओढून घेतलं.

पहिली काही पानं झकास गेली. गोष्टीतली म्हातारी मरायला टेकली होती आणि तिची मुलं मृत्युपत्रावरून भांडत होती. असली भांडणं वाचायला आईला फार आवडायचं. मग म्हातारीच्या तोंडी एक वाक्य आलं, आईनं ते संथपणे वाचलं, आणि वाक्यानंतर मुद्दाम थोडी शांतता सोडली. त्या शांततेत तिला हेडफोनमधून एक आवाज आला.

बारीक शिट्टी. अगदी बारीक, पातेल्यावर झाकण नीट बसलं नाही की कडेनं वाफ निघते तशी.

आई थांबली. मागे जाऊन ते वाक्य पुन्हा ऐकलं. होतीच शिट्टी. तिच्या कपाळाला आठी पडली. माइकपुढे वाचणाऱ्या माणसाला असल्या गोष्टीचा किती राग येतो ते बाकीच्यांना कळायचं नाही. साऱ्या जगाला भात खाताना लागत नाही असा खडा हिच्या दाताखाली येतो.

आधी तिनं स्वतःवर संशय घेतला. वाचणाऱ्यांची नाकं कधीकधी वाजतात. तिनं नाक शिंकरलं, श्वास रोखून धरला. शिट्टी तशीच. मग माइकची तार काढून पुन्हा घट्ट बसवली. तशीच. दुसरी तार लावली. आवाजाचं बटण कमी केलं, जास्त केलं. स्क्रीनचा चार्जर भिंतीतून उपटला. शिट्टी काही जाईना, उलट आता जास्त स्पष्ट वाटत होती. "काय कटकट आहे ही," ती पुटपुटली, आणि ते पुटपुटणंही माइकनं इमानदारीत टिपलं.

शेवटी तिनं ठरवलं, हा आवाज नुसताच ऐकायचा. रोग कळल्याशिवाय औषध कसलं? तिनं डोळे मिटले, हेडफोन कानांवर दाबून धरले आणि आवाज वाढवला. शिट्टी यायची, लांबायची, तुटायची. मग पुन्हा यायची. मध्ये एक छोटी खरखर. पुन्हा शिट्टी. मघापेक्षा आता ती घाईत होती. आईच्या मनात आलं, तारेतला बिघाड एकसुरी असतो. तो असा थांबत नाही, दमत नाही. हे तर कुणीतरी श्वास घेतंय.

पुढचं तिला नंतर नीटसं आठवलं नाही. हेडफोन डोक्यावरून ओढून काढताना माइक खाली पडला. तिनं दार ढकललं, तर ते उघडेना. बाहेरून काहीतरी टेकलेलं होतं. तिनं जपून जोर लावला, फट वाढली आणि तिथून टिटवीची पाठ दिसली. पोर दाराला टेकून जमिनीवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत आलेले, आणि तोंड घट्ट मिटलेलं. तोंड मिटून ती नाकानं श्वास ओढायला बघत होती, कारण वर लाल दिवा चालू होता.

"टिटवी! अगं, काय झालं? बाबा! बाबा!"

आजोबा मागच्या गॅलरीतून धावत आले. हातात ओला टॉवेल. आत आवाज नको म्हणून ते कपडे वाळत घालायला बाहेर गेले होते आणि जाताना दारही लोटून घेतलं होतं.

"काय झालं? मघापासून एकदासुद्धा खोकली नाही गं ती! मी आतून बाहेर जाताना बघितलं ना, शहाण्यासारखी बसली होती."

"पंप आणा. उशीखाली आहे. नळकांडंही आणा."

आईनं टिटवीला मांडीवर सरळ बसवलं, पाठ आपल्या छातीला टेकवून. पंप हलवला, नळकांड्याला लावला, मास्क नाकातोंडावर घट्ट धरला. "तोंड उघड, राजा. दिवा गेला, बघ. आता सगळा आवाज करायचा. घे श्वास. अजून एक." एक दाब, मग पाच-सहा श्वास. पुन्हा पंप हलवायचा, पुन्हा एक दाब. क्रम चुकला नाही. वरून शांत असणारा आवाजही चुकला नाही. मरायला टेकलेल्या म्हातारीच्या तोंडचं वाक्य वाचणारा गळा असा उपयोगी पडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"पाणी देऊ का कोमट?" आजोबा विचारत होते. "छातीला काही चोळू का?"

"नको. खिडकी उघडा फक्त."

सांगितले होते तेवढे सगळे दाब देऊन झाले. आई थांबली आणि कान देऊन ऐकू लागली. आता त्या खोलीत हेडफोनशिवायही शिट्टी ऐकू येत होती. ती बारीक होत गेली. आणखी बारीक झाली. मग येईनाशी झाली.

खोली अगदी शांत झाली.

आता खरं सांगायचं तर आईला त्या क्षणी बरं वाटलं. नुसतं बरं नाही, छान वाटलं. वर्षानुवर्षं तिच्या कानाला एकच सवय होती. नको तो आवाज गेला म्हणजे काम झालं. शिट्टी गेली, तिनं सुस्कारा सोडला.

"गेली बाई एकदाची," आजोबा म्हणाले. त्यांनी टॉवेलनं स्वतःचं तोंड पुसलं, तोच ओला टॉवेल. "डोळे मिटतायत बघ तिचे. दमलीय पोर. आडवं कर तिला, जरा झोपू दे. झोपेनं सगळं बरं होतं."

टिटवीचे डोळे खरंच मिटत होते. मान आईच्या दंडावर कलली होती. रात्रभर झोप नाही, आता लागला डोळा, हे पटण्यासारखंच होतं. आईनं तिला हलकेच पलंगावर ठेवायला घेतलं. तिच्या मनात, लाजिरवाणं आहे पण आलं खरं, की आता थोडीच पानं उरली आहेत, ही झोपली की होऊन जातील.

तेवढ्यात टिटवीचा सदरा वर सरकला.

आईचे हात तिथल्या तिथे थांबले. पोरीचं पोट जोरजोरात वरखाली होत होतं. प्रत्येक वेळी बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती, मोजता याव्यात अशा बरगड्या दिसत होत्या. गळ्याखाली खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. इवलंसं अंग एवढी मेहनत करत होतं आणि त्या मेहनतीचा आवाज शून्य. आईनं छातीला कान लावला. सकाळी लावला होता तसाच. सकाळी आत वारा वाहत होता. आता आत काहीच नव्हतं, फक्त धडधड.

"टिटवी, माझ्याकडे बघ. आजोबांचा टॉवेल कुठल्या रंगाचा आहे, सांग मला. सगळं सांग."

टिटवीनं डोळे उघडले. "टॉवेल," ती म्हणाली. मग श्वास. "हिर," मग श्वास. "वा."

एका शब्दाच्या मध्ये कुणी श्वास घेत नाही. ओळीत कुठे थांबायचं, श्वास कुठे चोरायचा, याच्या खुणा करण्यात आईचं आयुष्य गेलं होतं. एका श्वासात टिटवी एरवी अख्खी तक्रार म्हणून दाखवायची, पूर्णविराम न देता. आज 'हिरवा' तिला एका दमात झेपत नव्हता. आणि तिच्या ओठांच्या कडेला राखेसारखी छटा चढली होती.

"झोपलेली नाही ही," आई म्हणाली. "बाबा, हिला सरळ धरा. आडवी होऊ देऊ नका, झोपू देऊ नका. बोलत राहा तिच्याशी."

"अगं पण आवाज तर थांबला..."

"म्हणूनच!"

ती इतक्या जोरात ओरडली की आजोबा दचकले. त्यांनी निमूटपणे नातीला पोटाशी धरलं.

आईनं आपत्कालीन नंबर लावला. पलीकडून एक तरुण आवाज आला. आईनं वय सांगितलं, दमा सांगितला, पंप देऊन झाला आणि उतार नाही हे सांगितलं, ओठांचा रंग सांगितला, पत्ता सांगितला, मजला सांगितला. एकही शब्द गिळला नाही. "गाडी निघाली," तो आवाज म्हणाला. "तिला बसतं ठेवा. पंप चालूच ठेवा, एकेक दाब, मध्ये थोडं थांबून. फोन मोकळा ठेवा, ड्रायव्हर तुम्हाला फोन करेल."

तिनं फोन पलंगावर टाकला आणि पुन्हा पंप उचलला. एक दाब. श्वास. एक दाब. टिटवीच्या वडिलांना कळवायला हवं होतं, पण ते शीतगृहात कामाला, आत जाताना फोन बाहेरच्या खणात ठेवावा लागायचा. नंतर. सगळं नंतर. आजोबा नातीच्या कानाशी लागून बोलत होते. जन्मभर इतरांना गप्प करणाऱ्या माणसाला बोलायचं काय ते सुचत नव्हतं. "टिटवे, बघ हं, झोपायचं नाही. मी तुला... मी तुला कपाटं मोजायला लावीन, किती मोठी कपाटं होती आमच्याकडे, शिडी लागायची." टिटवीची मान पुन्हा कलली. "ए! टिटवे!" आजोबांचा आवाज फाटला.

गाडी येईना. रस्ता फार लांब नव्हता. यायला हवी होती एव्हाना. आईचे कान रस्त्याकडे होते, आणि मघाशी एक भोंगा जवळ येऊन थांबल्यासारखा तिला वाटलाही होता. मग दुसऱ्याच कुणासाठी असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. इमारतीत घरं काय कमी होती?

मग पंप हलवता हलवता तिची नजर पलंगावर गेली. उलट्या पडलेल्या फोनच्या कडेनं उजेड येत होता. आला, गेला. पुन्हा आला.

मुका फोन. आपणच मुका केलेला.

तिनं झडप घातली. ड्रायव्हरचे किती फोन येऊन गेले होते ते बघायलाही ती थांबली नाही. "हॅलो! हॅलो!"

"बाई, कुठे आहात तुम्ही?" पलीकडचा माणूस धापा टाकत होता. "केव्हाचा फोन करतोय. माझा माणूस वर येऊन घंटी दाबतोय, कुणी उघडत नाही. म्हणतो घर बंद दिसतंय. आम्ही चुकीच्या इमारतीत आलो का?"

"नाही! बरोबर आहे! घंटी..." ती आजोबांकडे वळली. "बाबा, दार! ते दाराशी येऊन गेलेत!"

आजोबांनी टिटवीला तिच्या हातात दिलं आणि ते धावले. त्या वयाचा माणूस असा धावतो हे तिनं पाहिलं नव्हतं. दार आपटलं. जिन्यात त्यांची पावलं ऐकू आली, मग पावलं थांबली आणि आवाज आला. ग्रंथालयातल्या त्या कुजबुजणाऱ्या माणसानं कठड्यावरून खाली वाकून अशी आरोळी ठोकली की मजल्यामजल्यावरची दारं उघडली. "अहो इथे! वर! चौथा मजला! माझी नात! पळा हो, माझी नात!"

जिन्यात बूट वाजायला लागले. आईनं आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला गोंगाट तो होता.

पुढे सगळं झरझर घडलं. आलेल्या दोघांनी टिटवीकडे एकदा बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि बोलणं आवरतं घेतलं. ऑक्सिजन लावला, मास्कमध्ये औषध घातलं, ते फसफसायला लागलं. गाडीत आईनं तिला मांडीवर बसतंच धरलं. आजोबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. वाटेत आई एकसारखी पोरीच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत होती. तो खळगा पडतोय तोवर ती श्वास घेतेय. तो पडू नये असंही वाटत होतं आणि पडायचा थांबेल याचीही भीती होती. देवाधर्माचं तिला फारसं नव्हतं, पण त्या गाडीत ती कुणाला तरी मनातल्या मनात हात जोडून विनवत होती, कारण खरे हात मोकळे नव्हते.

रुग्णालयात एका पडद्याआड टिटवीला घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, केस कसेबसे बांधलेले. त्यांनी औषधाचा मास्क बदलला, हाताला सुई लावली. सुई टोचताना टिटवी रडलीसुद्धा नाही, नुसता चेहरा वाकडा केला. ते न रडणं आईला सहन झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी पाठीला, छातीला, पुन्हा पाठीला स्टेथोस्कोप लावला. पुन्हा औषध. पुन्हा स्टेथोस्कोप. आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. आजोबा पडद्याबाहेर उभे होते, आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

बऱ्याच वेळानं, किंवा आईला बराच वाटलेल्या वेळानं, तिला तो आवाज आला. बारीक शिट्टी. मग जरा मोठी. मग छातीभर, खरखरत, शिट्ट्यांचा नुसता बाजार.

"डॉक्टर, ते परत सुरू झालं!"

"झालं ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "मी त्याचीच वाट बघत होते. मघाशी नळ्या इतक्या आवळल्या होत्या की आतून वाराच जात नव्हता. वारा नाही तर शिट्टी कशी वाजणार? आता वारा खेळायला लागलाय. वाजू द्या." त्यांनी आईकडे नीट बघितलं. "तुम्ही वेळेवर आणलंत. आवाज थांबल्यावर खूप लोक मुलाला झोपवतात."

पोरीला पलंगावर ठेवायला आपणही वाकलो होतो, हे आईनं सांगितलं नाही. भिंतीला टेकून ती ते खरखरणं ऐकत राहिली, आणि रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी एक खुर्ची पायानं तिच्याकडे सरकवली.

दुपार कलली तशी टिटवीच्या ओठांवर रंग आला. आज इथेच ठेवू, लक्ष ठेवायला हवं, असं सांगून डॉक्टरीणबाई दुसऱ्या पडद्याआड गेल्या. आजोबा आत आले आणि पायाशी बसले. त्यांनी नातीच्या पावलावर हात ठेवला आणि तो हलवला नाही.

"मी तिला शाबासकी द्यायचो गं," ते सुनेला म्हणाले. "गप्प बसली की."

"नियम माझा होता, बाबा."

दोष वाटून घेतला म्हणून तो अर्धा होत नाही.

मग टिटवीचा चेहरा बदलला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. तिनं मास्कवर हात दाबला आणि आईकडे बघितलं. ती परवानगी मागत होती. आईला ते कळायला क्षणभर वेळ लागला.

"खोक," ती म्हणाली. तिनं पोरीचा हात धरून बाजूला केला. "खोक बाळा. अगदी मोठ्यानं खोक."

टिटवी खोकली. अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशी, वाकून वाकून, खूप वेळ. पलीकडच्या पडद्याआडून कुणीतरी डोकावून बघितलं. खोकून झाल्यावर ती उशीला टेकली. मास्कच्या आतून तिचा आवाज घोगरा आला, पण वाक्य एका दमात आलं.

"मी खूप वेळ खोकला धरून ठेवला होता आई, दाराजवळ बसून. तुला ऐकू नाही ना आलं?"

विचारताना तिचे डोळे चमकत होते. शाबासकीची वाट बघत होती ती. आजोबांनी मान फिरवली.

नाही आलं, असं म्हटलं असतं तर पोर खूश झाली असती. आईच्या ओठांवर ते आलंही. पण त्या दिवशी तिला खोटं बोलवेना.

"आलं होतं गं," ती म्हणाली. "सगळं ऐकू आलं होतं. मला वाटलं, माझी तार बिघडली. मी ती तार बदलत बसले."

टिटवीनं यावर विचार केला. आईच्या या वेडेपणाचं तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"मग दार उघडायचं ना," ती म्हणाली.